बत्तीसचा पाढा कुठे चुकला?

सोमवारी मधल्या सुट्टीत मी शाळेचा जिना उलटी उतरत होते. तोंड वरच्या मजल्याकडे, दोन्ही हात कठड्यावर आणि पाय एकेक पायरी चाचपत मागे. सकाळी चढताना फारसा त्रास झाला नव्हता, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला मांडीत कळ येत होती. आदल्या दिवशी, म्हणजे २०१६ च्या जानेवारीतल्या एका रविवारी, मी मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर धावून आले होते. नववीच्या मुलामुलींना हे ठाऊक होते. किंबहुना हे अंतर किती वेळात धावायचे ते आम्ही मिळून वर्गातच ठरवले होते : साडेचार तास. प्रत्यक्षात मला पाच तास एक मिनिट लागले.

तास सुरू झाल्याबरोबर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, म्हणजे तुम्ही नापास?”

वर्ग हसला. विचारणारा मुलगा मात्र हसत नव्हता. सहामाहीत गणितात त्याला पस्तीस गुणही मिळाले नव्हते, तेव्हा तो शब्द त्याने सहज उच्चारला नव्हता. “होय” म्हणणे सोपे होते. “तसे नसते रे” म्हणणे त्याहून सोपे होते. दोन्हींपैकी कशानेच त्याचे समाधान झाले नसते, आणि खरे सांगायचे तर माझेही. म्हणून मी माझ्या घड्याळातले आकडे फळ्यावर लिहिले आणि मुलांना आलेखाच्या वह्या काढायला सांगितल्या. पुढचे चार तास आम्ही त्यावर घालवले. त्या चार तासांत काय निघाले ते सांगण्यासाठी हा लेख.

साडेचार तास आले कुठून?

आधी उद्दिष्टाकडे पाहू. डिसेंबरात पुण्यात एका पहाटे मी २१.१ किलोमीटर, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, २ तास ९ मिनिटे ३० सेकंदांत धावले होते. मग पूर्ण मॅरेथॉनला किती वेळ लागेल? “दुप्पट!” असे उत्तर वर्गातून लगेच आले. म्हणजे ४ तास १९ मिनिटे. पण दुप्पट अंतरासाठी दुप्पट वेळ पुरत नाही, कारण माणूस थकतो. किती थकतो याचा एक ढोबळ हिशेब पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडला. अनेक अंतरांच्या शर्यतींतील वेळा तपासून त्याने सुचवले, की वेळ ही अंतराच्या १.०६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट झाले, तर वेळ २ पट नव्हे, सुमारे २.०८५ पट होते. १२९.५ मिनिटांना २.०८५ ने गुणले की २७० मिनिटे येतात. हे आमचे साडेचार तास.

२७० मिनिटांना ४२.१९५ ने भागले तर किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद पडतात, म्हणजे दर पाच किलोमीटरला बरोबर ३२ मिनिटे. मुलांना हे फार आवडले. बत्तीसचा पाढा! ३२, ६४, ९६, १२८... दोन मुलींनी तो एका अरुंद कागदी पट्टीवर लिहून दिला. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून मी ती मनगटाला बांधली. रस्त्याकडेला दर किलोमीटरला पाटी असतेच. प्रत्येक पाचव्या पाटीशी घड्याळ पाहायचे आणि पाढ्याशी ताडून बघायचे.

एका विद्यार्थ्याने विचारले होते, की ४२.१९५ असा विचित्र आकडा का? १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती. १९०८ मध्ये लंडनला ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरले. १९२१ मध्ये तेच कायमचे ठरले. लंडनच्या त्याच शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांच्या पुढे स्टेडियममध्ये आला, पण उन्हाने आणि थकव्याने इतका भोवंडला होता की चुकीच्या दिशेला वळला आणि पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी त्याला हात देऊन रेषेपार नेले आणि त्यामुळेच तो बाद ठरला. शेवटच्या साडेतीनशे मीटरांना त्याला सुमारे दहा मिनिटे लागली. शरीर हे घड्याळासारखे एकसारखे चालणारे यंत्र नाही, हे त्या दिवशी सगळ्या जगाला दिसले. आम्ही मात्र पाढा करताना तेच गृहीत धरून बसलो होतो.

आलेख काय सांगतो?

मी फळ्यावर लिहिलेले आकडे असे होते. पाच-पाच किलोमीटरच्या टप्प्यांना लागलेला वेळ (मिनिटे) :

० ते ५ किमी : ३०.५
५ ते १० किमी : ३१
१० ते १५ किमी : ३१.५
१५ ते २० किमी : ३२.५
२० ते २५ किमी : ३४.५
२५ ते ३० किमी : ३७
३० ते ३५ किमी : ४१.५
३५ ते ४० किमी : ४४.५
शेवटचे २.१९५ किमी : १८

मुलांनी आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर एकूण वेळ घेतला. आधी पाढ्याची सरळ रेषा काढली, मग माझ्या वेळांचे बिंदू मांडले. विसाव्या किलोमीटरपर्यंत माझे बिंदू रेषेच्या थोडे खाली होते, म्हणजे मी अडीच मिनिटे पुढे होते. त्यानंतर बिंदू वर वळू लागतात. तिसाव्या किलोमीटरला मी पाच मिनिटे मागे आणि चाळिसाव्याला सत्तावीस मिनिटे मागे.

इथेच एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. “साडेचार तास हुकले” हे एक वाक्य आहे. त्यात बरे-वाईट आहे, पण माहिती जवळजवळ नाही. या नऊ आकड्यांत मात्र कुठे, केव्हा आणि किती हुकले हे सगळे आहे. मी मुलांना म्हटले, “आता आपण डॉक्टर. रोग्याला बोल लावायचा नाही, लक्षणे बघायची. कारणे सुचवा.”

फळ्यावर चार कारणे जमा झाली : शरीरातले इंधन संपले, मुंबईत उकडत होते, पेडर रोडचा चढ होता, आणि सुरुवातीला बाई फार जोरात धावल्या. एकेक तपासू.

शिदोरी किती, वाट किती?

सपाटीवर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे आणि वेग थोडा कमी-जास्त झाला तरी तो फारसा बदलत नाही. माझे वजन ५८ किलो. हिशेबाला सोपे म्हणून ६० धरू. ६० × ४२.२ म्हणजे सुमारे २५३० किलोकॅलरी.

ही ऊर्जा मुख्यतः दोन कोठारांतून येते. पहिले कोठार ग्लायकोजेनचे. ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून बनलेला हा पदार्थ स्नायूंत आणि यकृतात साठवलेला असतो. माझ्याएवढ्या माणसात तो साधारण ४५० ग्रॅम धरला, तर ग्रॅममागे ४ प्रमाणे १८०० किलोकॅलरी होतात. १८०० ला ६० ने भागा : ३० किलोमीटर! लांब पल्ल्याच्या धावपटूंना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पुढे भिंत उभी राहिल्यासारखे वाटते, त्यामागचे हे साधे गणित.

दुसरे कोठार चरबीचे. ते केवढे तरी मोठे असते. अंगात दहा किलो चरबी असेल, तर त्यात सत्तर हजारांहून अधिक किलोकॅलरी साठलेल्या असतात. मग ती का पुरत नाही? कारण चरबीपासून ऊर्जा मिळते ती सावकाश. शिवाय तेवढ्याच ऊर्जेसाठी तिला ऑक्सिजनही थोडा जास्त लागतो. विहिरीत पाणी भरपूर, पण रहाट हळू ओढणारा, असा प्रकार. आपण निवांत चालतो तेव्हा चरबी पुरते. वेग वाढवला की ग्लायकोजेनचा वाटा वाढत जातो. प्रत्यक्षात पहिल्या पावलापासून दोन्ही कोठारे एकदमच वापरात असतात. वाटेत केळे किंवा साखरेचे पाणी घेतले, तर थोडी भरही पडते. म्हणून ‘तीस’ हा आकडा दगडावरची रेघ नव्हे.

आणखी एक गंमत. दंडाच्या स्नायूंत ग्लायकोजेन शिल्लक असले, तरी ते पायांना उसने मिळत नाही. ग्लायकोजेनपासून ग्लुकोज बनवून ते रक्तात सोडायला एक विशिष्ट विकर लागते. ते यकृतात असते, स्नायूंत नसते. यकृताचे खाते सार्वजनिक आहे, स्नायूंचे ज्याचे त्याचे खासगी. धावताना रिकामे होते ते पायांचे खाते.

आता आलेखाकडे बघा. माझा वेग सर्वांत जास्त ढासळला तो ३० नंतर. इंधनाचा संशय खरा ठरतो. पण आलेख वळायला लागला तो २० आणि २५ च्या दरम्यान. तेव्हा शिदोरी संपलेली नसणार. म्हणजे आणखी काहीतरी आधीच सुरू झालेले होते.

अंगातली शेगडी

स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जेची उष्णता होते. साडेचार तासांत २५३० किलोकॅलरी, म्हणजे तासाला सुमारे ५६०. त्यातल्या ४३० किलोकॅलरींची उष्णता झाली असे धरू. शरीराचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.८३ आहे. म्हणजे ६० किलोचे शरीर एक अंशाने तापवायला ५० किलोकॅलरी पुरतात. भागाकार करा. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात अंगाचे तापमान साडेआठ अंशांनी चढेल! सात मिनिटांना एक अंश. अर्ध्या तासात माणूस दगावेल. तसे होत नाही, कारण उष्णता सतत बाहेर टाकली जाते : काही थेट आसपासच्या हवेत आणि बरीचशी घामाच्या बाष्पीभवनातून. एक लिटर घामाची वाफ होताना त्वचेवरून सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. हाच तो पुस्तकातला अप्रकट उष्मा.

इथे एका मुलीने नेमकी हरकत घेतली. “बाई, पण पुण्यातही पहाटे आर्द्रता जास्तच असते. ७५ टक्के. मुंबईत पण तेवढीच. मग फरक काय?”

हा प्रश्न इतका चांगला होता, की मी उत्तर दुसऱ्या दिवसावर टाकले. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत त्या तापमानाला जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते. १२ अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे १०.७ ग्रॅम वाफ मावते आणि २४ अंशांना सुमारे २१.८ ग्रॅम. दोन्हींचे ७५ टक्के काढा : पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे ८ ग्रॅम, मुंबईतल्या जानेवारीच्या उन्हात १६ ग्रॅम. टक्केवारी तीच, वाफ दुप्पट. पेला आणि तांब्या दोन्ही पाऊण भरलेले असले, म्हणून पाणी सारखे नसते.

घामाने भिजलेली त्वचा सुमारे ३४ अंशांवर असते. तिच्यालगतच्या हवेत घनमीटरला ३७ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. तिथून बाहेरच्या हवेकडे वाफ जाते ती दोन्हींमधल्या फरकामुळे. पुण्यात हा फरक ३७ वजा ८, म्हणजे २९. मुंबईत ३७ वजा १६, म्हणजे २१. बाष्पीभवनाचा जोर पाव हिश्शाहून जास्त घटला. शिवाय त्वचा आणि हवा यांच्या तापमानातला फरकही पुण्यात २२ अंश होता, तो मुंबईत १० वर आला. म्हणजे थेट हवेत जाणारी उष्णता निम्म्याहून कमी झाली. घामावरचा भार वाढला आणि नेमके तेव्हाच घामाला वाळायला जागा उरली नाही. जो घाम टपकून जातो, तो काहीच थंडावा देत नाही. माझ्या कोपरांवरून तो सकाळभर टपकत होता.

मग शरीर काय करते? त्वचेकडे जास्त रक्त पाठवते. पण रक्त तेवढेच आहे. उलट घामामुळे त्यातले पाणी कमी झालेले आहे. स्नायूही रक्त मागत असतात. हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते, म्हणून ठोके वाढतात. दहाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलाशी थांबल्या थांबल्या मी पंधरा सेकंद नाडी मोजली होती : ३७ ठोके, म्हणजे मिनिटाला १४८. तिसाव्याला ४२ ठोके भरले, म्हणजे १६८. आणि वेग मात्र कमी झालेला! हृदय जास्त राबत होते, पाय कमी धावत होते.

आम्ही पहाटे पावणेसहाच्या सुमारास निघालो होतो. विसावा किलोमीटर आला तेव्हा पावणेआठ होत आले होते. जानेवारीत मुंबईला सव्वासातच्या आसपास सूर्य उगवतो. वक्र वर वळू लागला तो सूर्य वर येऊ लागल्यावर.

“मग भरपूर पाणी प्यायचं ना, बाई!” पाणी हवेच. पण पोटातले पाणी बाहेरची हवा कोरडी करत नाही. शिवाय तहानेपेक्षा फार जास्त पाणी ढोसणे धोक्याचे असते. रक्तातले सोडियम पातळ होते, डोके दुखते, ओकाऱ्या होतात आणि क्वचित जिवावरही बेतते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांत सोडियम कमी आढळले होते. तहान हा बऱ्यापैकी विश्वासू सल्लागार आहे.

चढाचा जमाखर्च

पेडर रोडचे, म्हणजे गोपाळराव देशमुख मार्गाचे, मुंबईच्या धावपटूंना मोठे भय. चढ तसा फार उंच नाही, पण तेव्हाचा मार्गच असा होता की तो दोनदा लागायचा. एकदा सुरुवातीला, आणि एकदा परतताना पस्तीस किलोमीटर पायांखाली गेल्यावर. दुतर्फा माणसे उभी राहून संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ हातावर ठेवत असतात आणि ओळखदेख नसताना नाव वाचून हाका मारतात. तरीही परतीच्या त्या चढावर मी चालले. धावूच शकले नाही.

“चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघतो” असे बहुतेकांना वाटते. वर्गात हे गणित जरूर घाला. एक माणूस सपाटीवर ताशी १२ किलोमीटर धावतो. एक किलोमीटर चढ तो ताशी ८ ने चढला आणि तेवढाच उतार ताशी १६ ने उतरला. सरासरी चाल किती? मुले ८ आणि १६ ची बेरीज करून अर्धे करतात आणि १२ सांगतात. आता वेळ काढा. चढाला साडेसात मिनिटे, उताराला पावणेचार. एकूण सव्वा अकरा. सपाटीवर दहाच लागली असती. सरासरी चाल १२ नव्हे, १०.६७. कारण सोपे आहे : सावकाश चालीत तो जास्त वेळ असतो.

शरीराचा जमाखर्चही असाच तोट्याचा. चढताना जेवढी जास्त ऊर्जा जाते, तेवढी उतरताना वाचत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात. ते आखडू पाहत असतात आणि त्याच वेळी ताणले जातात. अशा कामात ऊर्जा कमी लागते, पण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. सोमवारी जिना उतरताना मांडी ओरडत होती, चढताना नाही, त्याचे कारण हेच. धावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणाऱ्या या दुखण्याचा दोष आपण अजून पुष्कळदा लॅक्टिक आम्लाला देतो. ते तर धावणे थांबल्यावर तासा-दोन तासांत रक्तातून नाहीसे होते. ते सोमवारपर्यंत मांडीत कशाला थांबेल?

पण मुख्य दोष चढाचा होता का? हे मुलांनीच सोडवले. चढ दोनदा आला. पहिल्यांदा, ५ ते १० च्या टप्प्यात, मला ३१ मिनिटे लागली, म्हणजे पाढ्यापेक्षा एक कमीच. दुसऱ्यांदा, ३५ ते ४० मध्ये, ४४.५. दुसऱ्या बाजूने का होईना, चढ तोच आणि पायही तेच. शिवाय आलेख चढाच्या कितीतरी आधी वळला होता. चढाने मला पाडले नाही. आधीच खिळखिळ्या झालेल्या मला त्याने उघडे पाडले.

चौथा संशयित

उरली माझी घाई. पहाटेचा गारवा, मरिन ड्राइव्हवरची झुळूक, हजारो लोकांची पावले. पहिल्या पाच किलोमीटरांत मी दीड मिनिट वाचवले आणि स्वतःवर खूश झाले. पण जोरात धावले म्हणजे ग्लायकोजेनचा वाटा वाढला आणि उष्णताही जास्त झाली. ते दीड मिनिट कमावलेले नव्हते, उसने घेतलेले होते. तिसाव्या किलोमीटरनंतर सावकाराने ते व्याजासह वसूल केले.

मग नेमके कशामुळे? इंधन, उकाडा की घाई? इथे मला मुलांसमोर हात वर करावे लागले. प्रयोगवहीत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. माझ्या बाबतीत पुणे ते मुंबई असे तीनही घटक एकदम बदलले होते आणि प्रयोग एकच झाला होता. वळण चढाच्या आधी आले, म्हणून चढ मुख्य आरोपी नाही. ते तिसाव्या किलोमीटरच्याही आधी आले, म्हणून एकट्या इंधनाने ते घडले नाही. एवढे आपण खात्रीने म्हणू शकतो. उरलेल्यांत कोणाचा वाटा किती, हे एका धावेवरून सांगता येत नाही. मुलांना हे उत्तर थोडे अपुरे वाटले. पण विज्ञानात बऱ्याचदा एवढेच हाती लागते, आणि पुढचा प्रयोग कसा करायचा हे ठरवायला ते पुरेसे असते.

रीगलचे सूत्र खोटे ठरले का? नाही. ते सांगते : सराव पुरेसा असेल आणि परिस्थिती तशीच असेल, तर अमुक वेळ लागेल. आम्ही ‘तर’च्या पुढचे घेतले आणि ‘असेल’च्या मागचे विसरलो. उद्दिष्ट म्हणजे एक भाकीत असते आणि प्रत्येक भाकितामागे गृहीते दडलेली असतात. भाकीत चुकते तेव्हा त्यातले कुठले तरी गृहीत उघडे पडते. म्हणूनच ती वेळ लपवण्यासारखी नसते.

केनियाच्या एल्यूड किपचोगेने ६ मे २०१७ रोजी इटलीतील मोंझा येथे दोन तासांच्या आत मॅरेथॉन धावण्याचा प्रयत्न केला. त्याला २ तास ० मिनिटे २५ सेकंद लागले. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात तो पुन्हा धावला. पुढे धावून वाऱ्याची आड करणाऱ्या सोबत्यांची रचना बदललेली होती, मार्गावर प्रेक्षक होते. वेळ आली १ तास ५९ मिनिटे ४० सेकंद. सोबती मध्येच बदलत असल्यामुळे यातली कुठलीच वेळ अधिकृत विक्रम म्हणून धरलेली नाही. आपल्याला त्यातून घ्यायचे ते इतकेच : त्या पंचवीस सेकंदांकडे त्यांनी मोजमाप म्हणून पाहिले.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले सुती कापड गुंडाळा. दोन्हींना पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घाला आणि तापमानातला फरक नोंदवा. हाच प्रयोग कोरड्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात करा. फरक केव्हा कमी पडतो आणि का?

२. निरोगी मुलांना तीन मिनिटे जागच्या जागी धावायला सांगा. थांबल्याबरोबर पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणा. हेच सकाळी आणि दुपारी करा. (दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना वेळ मोजायचे काम द्या.)

३. मैदानाला चार फेऱ्या मारायला लावा. आधी प्रत्येकाने फेरीला लागणाऱ्या वेळाचे भाकीत लिहायचे. मग प्रत्येक फेरीचा वेळ नोंदवून आलेख काढायचा. बहुतेकांची पहिली फेरी सर्वांत जलद निघेल. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी मुद्दाम सावकाश धावून एकूण वेळेत काय फरक पडतो ते पाहा.

आणि तो प्रश्न?

तिसरा प्रयोग झाल्यावर मागच्या बाकावरचा तो मुलगा आपला सहामाहीचा पेपर घेऊन आला. त्याने प्रत्येक प्रश्नाला मिळालेले गुण ओळीने लिहून काढले होते. पहिल्या तीन प्रश्नांत गुण बरे होते, मग एकदम शून्ये. त्याला गणित येत नव्हते असे नाही. भूमितीच्या एका रचनेत तो पाऊण तास अडकून पडला होता आणि पुढच्या प्रश्नांपर्यंत पोचलाच नव्हता. ते गुण मीच दिले होते, बेरीजही मीच केली होती. हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते.

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, मी पुन्हा मुंबईत धावले. या वेळी उकाड्याचा हिशेब आधीच धरला. महिनाभर मुद्दाम उन्हे वर आल्यावर सराव केला. पहिल्या पाच किलोमीटरांना साडेतेहेतीस मिनिटे लावायचीच, असे ठरवले आणि पाळले. पहिला अर्धा भाग २ तास २१ मिनिटांत झाला, दुसरा २ तास २३ मध्ये. एकूण ४ तास ४४ मिनिटे. साडेचार तास पुन्हा हुकले.

सोमवारी मी आकडे फळ्यावर लिहिले. ती मुले आता दहावीत होती. मधल्या सुट्टीत मुद्दाम आली होती. कोणीतरी आलेख काढला. पट्टी ठेवून पाहिली आणि म्हणाले, “बाई, या वेळी रेषा सरळ आली.”